यंत्रकक्षातील तिसरा अभियंता

मालवाहू जहाज धक्क्याला लागलेले असताना ज्यांनी ते जवळून पाहिले असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. जहाज उभे असते, त्याचा पंखा फिरत नसतो. तरीही धुराड्यातून धुराची एक पातळ रेघ वर जात असते आणि कान दिल्यास जहाजाच्या पोटातून एक अखंड घरघर ऐकू येते. ही घरघर प्रधान यंत्राची नव्हे. ते केव्हाच थंडावलेले असते. ती वीज निर्माण करणाऱ्या जनित्रांची होय. काही बंदरांत धक्क्यावरून वीज घेण्याची सोय आता झालेली आहे. तो अपवाद आणि दुरुस्तीच्या गोदीतील मोजके दिवस सोडले, तर जहाज बांधून पाण्यात उतरते तेव्हापासून ते मोडीत निघेपर्यंत ही घरघर थांबत नाही. या प्रकरणात ज्या माणसाचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्याची नोकरी या घरघरीशी बांधलेली असते.

व्यापारी जहाजाच्या यंत्रकक्षात अधिकाऱ्यांची उतरंड साधीच आहे. सर्वांच्या वर मुख्य अभियंता. यंत्रांसंबंधी कप्तानाला आणि जहाजाच्या मालकाला तो उत्तरदायी असतो. त्याच्या खालोखाल दुसरा अभियंता. यंत्रकक्षाचा रोजचा कारभार वस्तुतः हाच चालवितो, कामे वाटून देतो आणि प्रधान यंत्राची निगा स्वतःकडे ठेवतो. मग तिसरा आणि त्यानंतर चौथा. गणवेशाच्या खांद्यावर मुख्य अभियंत्याला चार सोनेरी पट्ट्या असतात, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन आणि चौथ्याला एक. सोनेरी पट्ट्यांच्या मधला जांभळा रंग हा अभियंत्याचा रंग समजला जातो. अर्थात हा गणवेश पेटीतच अधिक असतो. यंत्रकक्षात सर्वांच्या अंगावर तेलाचे डाग पडलेला एकच एक बॉयलर सूट असतो.

भारतीय जहाजांवर या हुद्द्यांना इंग्रजी नावांपेक्षा निराळी नावे रूढ झाली आहेत. मुख्य अभियंता तो ‘बडा साब’, तिसरा तो ‘तीन साब’, चौथा ‘चार साब’, आणि विजेची उपकरणे सांभाळणारा अधिकारी ‘बत्ती साब’. सारंग, टिंडेल, सुकाणी, कसाब या जुन्या खलाशी शब्दांच्या पंगतीत ही नावे सहज बसतात. ग्रंथात लिहिताना आपण ‘जनित्र’, ‘रोहित्र’, ‘यंत्रकक्ष’ असे शब्द योजतो आणि ते योग्यही आहे. परंतु त्यांतील एकही शब्द प्रत्यक्ष जहाजावर कानी पडणार नाही, हेही वाचकाला सांगून ठेवलेले बरे.

मुंबईशी या व्यवसायाचे नाते जुने आहे. ‘डफरिन’ हे प्रशिक्षण-जहाज १९२७ मध्ये मुंबई बंदरात उभे राहिले आणि १९३५ पासून त्यावर अभियंते होऊ इच्छिणाऱ्या तरुणांनाही प्रवेश मिळू लागला. १९४९ मध्ये सागरी अभियांत्रिकीचे स्वतंत्र शिक्षण कलकत्ता आणि मुंबई येथे सुरू झाले. आज देशात अशा संस्था अनेक आहेत. नौवहन महासंचालनालयाचे मुख्य कार्यालय मात्र मुंबईतच आहे आणि त्याच्या अखत्यारीत घेतल्या जाणाऱ्या परीक्षांच्या पायऱ्या प्रत्येक अभियंत्याला चढाव्या लागतात. पहिली पायरी ‘क्लास फोर’ची. ती ओलांडली म्हणजे पाळी स्वतंत्रपणे सांभाळण्याचा अधिकार मिळतो. तिसरा अभियंता हा सामान्यतः ही परीक्षा उत्तीर्ण होऊन काही वर्षे समुद्रावर काढलेला आणि पुढील ‘क्लास टू’च्या परीक्षेकडे डोळे लावून बसलेला, किंवा ती नुकतीच उत्तीर्ण झालेला तरुण असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनी जहाजावरील अभियंत्यांचे दोन थर मानले आहेत. मुख्य आणि दुसरा अभियंता हे व्यवस्थापनाच्या थरात येतात. तिसरा आणि चौथा हे यंत्रे प्रत्यक्ष चालविणाऱ्यांच्या थरात. म्हणजे तिसरा अभियंता धोरण ठरवीत नाही. ठरलेले काम त्याच्या हातून, किंवा त्याच्या हाताखालच्या मोटरमन, तेलवाला आणि फिटर यांच्या हातून पार पडते, आणि नोंदवहीत त्याखाली सही मात्र त्याची असते. या सहीचा विषय पुढे येणारच आहे.

कामांची वाटणी कंपनीगणिक आणि जहाजागणिक थोडीफार बदलते. तथापि ब्रिटिश परंपरेतून आलेल्या जहाजांवर रूढी अशी की, प्रधान यंत्र दुसऱ्याकडे, जनित्रे आणि बहुधा बॉयलर तिसऱ्याकडे, आणि इंधन व वंगण शुद्ध करणारी यंत्रे, हवेचे काँप्रेसर व बरेचसे पंप चौथ्याकडे. वरवर पाहता प्रधान यंत्र ही मानाची गोष्ट आणि जनित्रे ही दुय्यम, असे कोणालाही वाटेल. इंग्रजीत तर त्यांना ‘साहाय्यक यंत्रे’ असेच म्हणतात. हे नाव फसवे आहे. मोठ्या जहाजाचे प्रधान यंत्र म्हणजे तीनचार मजली उंचीचे डिझेल यंत्र. पूर्ण वेगात असतानाही ते मिनिटाला शंभराच्या आसपासच फेरे घेते. त्याला वंगण पुरविणारे पंप विजेवर चालतात. त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याचे पंप विजेवर चालतात. त्याच्याकडे इंधन ढकलणारे पंपही विजेवरच चालतात. सुकाणू फिरविणाऱ्या तेलाला दाब देणारी यंत्रणा विजेची आहे. तेव्हा वीज गेली की काही क्षणांत हे अवाढव्य यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी आपोआप बंद पडते, सुकाणू जागच्या जागी थबकते, आणि लाखभर टनांचे लोखंड केवळ अंगच्या वेगाने पुढे सरकत राहते. खोल समुद्रात ही घटना गैरसोयीची ठरते. अरुंद खाडीत मात्र तीच प्राणघातक होऊ शकते.

म्हणून जहाजावर एक जनित्र कधीच नसते. तीन असतात, पुष्कळदा चार. प्रत्येकाच्या एका टोकाला डिझेल यंत्र आणि दुसऱ्या टोकाला वीजनिर्मिती करणारा भाग. सेकंदाला साठ आवर्तनांची वीज हवी असेल तर अशी यंत्रे बहुधा मिनिटाला ७२० किंवा ९०० फेऱ्यांच्या ठरीव गतीने चालवितात. ही यंत्रे चार फटक्यांची, म्हणजे दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटते. हिशेब करून पाहावा. ७२० फेऱ्यांच्या यंत्रात एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ३६०, तासाला २१,६०० आणि हजार तासांत दोन कोटींहून अधिक स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाबरोबर दट्ट्या खाली ढकलला जातो, झडपा आपटतात, कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांवर ताण येतो. काही झिजणार, काही सैल होणार, काही ठिकाणी काजळी धरणार, हे उघडच आहे. ते केव्हा आणि कोठे, हे आधी ओळखणे हे तिसऱ्या अभियंत्याचे पहिले काम.

ओळखण्याची साधने तशी साधी आहेत. प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान दर पाळीला नोंदवितात. सहांपैकी पाच सिलिंडर एका पातळीवर आणि एकच वर चढलेला दिसला, तर इंधन फवारणारा इंजेक्टर गळत असेल किंवा बाहेर टाकणारी झडप नीट बसत नसेल. वंगणाचा नमुना ठराविक काळाने बाटलीत भरून किनाऱ्यावरील प्रयोगशाळेकडे पाठवितात. त्यात पाणी किंवा धातूचे कण निघाले तर बेअरिंगकडे लक्ष द्यावयाचे. क्रँकशाफ्टच्या दोन भुजांमधील अंतर निरनिराळ्या स्थितींत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून मागील मापांशी ताडून पाहतात. पण याहून जुने एक साधन आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. चांगला अभियंता यंत्राजवळून जाताना नळीवर हाताची पाठ टेकवून पुढे जातो. त्याचे कान आवाजातील फरक टिपतात. यंत्रकक्षातील गोंगाट इतका असतो की, आंतरराष्ट्रीय संहितेने तेथे ११० डेसिबलची कमाल मर्यादा घातली आहे आणि कानांवर संरक्षक आवरणे घातल्यावाचून कोणाला आत जाऊ देत नाहीत. त्या आवरणांच्या आतूनही सरावलेल्या कानाला एक टॅपेट सैल झालेले कळते. हे ज्ञान शिकवता येत नाही. दोनतीन जहाजे झाली की ते अंगी येते.

ठरीव तास भरले की जनित्र उघडावे लागते. हे तास यंत्राच्या बनावटीनुसार ठरतात. इंजेक्टर काही हजार तासांनी, तर पूर्ण उघडणी दहाबारा हजार तासांनी किंवा त्याहूनही उशिरा. या उघडणीला जहाजावर ‘डिकार्ब’ म्हणतात, कारण तिचा मूळ हेतू साठलेली काजळी काढणे हा होता. आता त्यात पुष्कळ अधिक गोष्टी येतात. साखळीच्या कप्पीने सिलिंडरचे जड झाकण उचलावयाचे, दट्ट्या वर खेचून काढावयाचा, त्याची कडी मोजावयाची, सिलिंडरच्या आतील नळकांड्याचा व्यास अनेक ठिकाणी घेऊन झीज काढावयाची, झडपा त्यांच्या बैठकीवर घासून बसवावयाच्या, बेअरिंगचे अर्धभाग तपासावयाचे. यंत्रकक्षाचे तापमान उष्ण प्रदेशात चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत सहज जाते. हे सर्व त्या उष्म्यात, जहाज डोलत असताना, दोनतीन माणसांच्या बळावर करावयाचे असते.

या कामातील सर्वांत नाजूक जागा कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांची. हे बोल्ट ठरावीक तासांनी, वरून कितीही धड दिसत असले तरी, टाकून देऊन नवे घालावे लागतात. कारण धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही. ते घट्ट करताना पान्याच्या जोरावर विसंबून चालत नाही. तेलाच्या दाबाने बोल्ट ठराविक प्रमाणात ताणावयाचा आणि मग नट बसवावयाचा, हा बनविणाऱ्याने घालून दिलेला क्रम असतो. एक बोल्ट चालू यंत्रात तुटला तर रॉड सुटतो आणि यंत्राची भिंत फोडून बाहेर येतो. त्यावेळी जवळ उभा असलेल्या माणसाचे काय होईल हे सांगावयास नको. म्हणूनच जुने अभियंते नवख्याला बजावतात की बोल्ट हे स्वतः घट्ट करावेत, किंवा निदान स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घ्यावेत. दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर त्याखाली सही करू नये.

उघडणीच्या अखेरीस एक बारीकसा नियम पाळला जातो आणि तो मला फार बोलका वाटतो. यंत्राच्या तळातील कोठीचे दार लावण्यापूर्वी आत नेलेली हत्यारे आणि पुसण्याच्या चिंध्या मोजतात. दहा नेल्या असतील तर दहा परत आल्या पाहिजेत. आत राहिलेली एक चिंधी वंगणाच्या पंपाच्या तोंडाशी जाऊन बसली, तर महिन्याभराची मेहनत आणि लाखो रुपयांचे यंत्र काही मिनिटांत मातीमोल होते. त्यानंतर यंत्र प्रथम हाताने फिरवून पाहतात, सिलिंडरवरील बारीक झडपा उघड्या ठेवून हवेने एक झटका देतात, आत पाणी साचलेले नाही याची खात्री करून घेतात, आणि मगच इंधन सोडतात.

नव्याने सुरू केलेले जनित्र चालू जनित्राच्या जोडीला लावणे ही एक वेगळीच कला आहे. चालत्या गाडीला दुसरा बैल जुंपावयाचा असेल तर त्याची चाल पहिल्याशी जुळली पाहिजे, तसाच हा प्रकार. दोघांचा विद्युत्दाब सारखा हवा, आवर्तने सारखी हवीत आणि लाटेची शिखरे एकाच क्षणी यावयास हवीत. फलकावर घड्याळासारखे एक उपकरण असते. त्याचा काटा घड्याळाच्याच दिशेने, अगदी सावकाश फिरेल इतपत येणाऱ्या जनित्राची गती किंचित वाढवावयाची आणि काटा बाराच्या थोडा अलीकडे आला की ब्रेकर जोडावयाचा. चुकीच्या क्षणी जोडल्यास दोन्ही यंत्रांना जबरदस्त हिसका बसतो आणि सबंध जहाज अंधारात जाऊ शकते. आधुनिक जहाजांवर हे काम स्वयंचलित यंत्रणा करते. तरीही परीक्षेच्या तोंडी भागात हा प्रश्न अजून विचारतात, आणि ते योग्यच आहे. यंत्रणा बिघडते ती बरोबर नको त्या वेळीच.

बॉयलरविषयी थोडक्यात सांगता येईल. डिझेल जहाजावरील बॉयलर लहान असतो. त्याची वाफ मुख्यतः जड इंधन तापविण्यासाठी लागते, कारण हे इंधन थंड असताना डांबरासारखे घट्ट असते आणि सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापविल्यावाचून फवारले जात नाही. तिसरा अभियंता बॉयलरच्या पाण्यातील क्षार आणि आम्लता तपासतो, रसायने घालतो, तळाचा गाळ वेळोवेळी बाहेर सोडतो आणि पाण्याची पातळी दाखविणारी काचनळी साफ ठेवतो. नळी तुंबली तर पाणी नसतानाही ते आहे असे भासते. पाणी संपून तापलेल्या बॉयलरमध्ये घाबरून पाणी सोडणे ही यंत्रकक्षातील सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक चूक होय. प्रथम आग विझवावयाची, पाण्याचा विचार नंतर.

पाळ्यांची पद्धतही परंपरेने ठरलेली आहे. चार ते आठ दुसऱ्याची, आठ ते बारा चौथ्याची आणि बारा ते चार तिसऱ्याची. दिवसा एकदा, रात्री एकदा. मध्यरात्री बाराला उठून पहाटे चारला झोपणे हे वर्षानुवर्षे तिसऱ्याच्या नशिबी आले. आज बहुतेक नव्या जहाजांवर यंत्रकक्ष रात्री माणसांवाचून चालतो. दिवसभर सर्वांनी मिळून काम करावयाचे आणि रात्री आळीपाळीने एकाने जबाबदारी घ्यावयाची. काही बिघडले की त्याच्या खोलीत घंटा वाजते. मग तो बिछान्यातून उठून सातआठ जिने उतरून खाली जातो, आणि खाली पोचल्याची खूण ठरलेल्या वेळात त्याने केली नाही तर दुसऱ्यांच्या खोल्यांतही घंटा वाजू लागते. कारण एकटा खाली गेलेला माणूस पडला-झडला तर कोणाला कळावयास हवे. ही सुधारणा सुखाची खरी, पण पूर्ण नव्हे. रात्री चार वेळा घंटा वाजली तरी सकाळी आठला डिकार्बच्या कामावर हजर राहावेच लागते.

येथे विश्रांतीच्या नियमाचा उल्लेख केला पाहिजे. कोणत्याही चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, आणि त्या दहा तासांचे दोनपेक्षा अधिक तुकडे न पाडता एक तुकडा निदान सहा तासांचा असावा, असे आंतरराष्ट्रीय करार सांगतात. प्रत्येकाने आपल्या तासांचा तक्ता भरून ठेवावयाचा असतो. स्वीडनमधील माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, हे तक्ते पुष्कळदा प्रत्यक्षाप्रमाणे न भरता नियमाप्रमाणे भरले जातात. बंदरात तपासनीस येतो, तक्ता पाहतो, तो निर्दोष असतो. थकलेला माणूस मात्र तक्त्याबाहेर राहतो. यंत्राचे तास प्रामाणिकपणे मोजावेत आणि माणसाचे तास मात्र सोयीने लिहावेत, ही विसंगती या व्यवसायात आजही आहे आणि तिची किंमत केव्हा ना केव्हा यंत्रालाच मोजावी लागते.

जनित्रांची निगा हा केवळ जहाजाच्या सोयीचा प्रश्न नाही, हे अलीकडच्या एका घटनेने साऱ्या जगाला दाखवून दिले. २६ मार्च २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून ‘डाली’ हे सुमारे ३०० मीटर लांबीचे, सिंगापूरचा ध्वज लावणारे कंटेनर जहाज कोलंबोकडे निघाले. त्यावरील जवळजवळ सर्व कर्मचारी भारतीय होते. १ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास, समोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल साधारण एक किलोमीटरवर असताना, एका रोहित्राकडे जाणारा ब्रेकर आपोआप सुटला आणि जहाज अंधारात गेले. थंड पाण्याचे पंप थांबले. त्यामुळे प्रधान यंत्रही बंद पडले. यंत्रकक्षातील माणसांनी सुमारे एका मिनिटात ब्रेकर हाताने जोडून वीज परत आणली. परंतु लवकरच इंधनाचा दाब नाहीसा होऊन जनित्रेच बंद पडली आणि दुसऱ्यांदा अंधार झाला. १ वाजून २९ मिनिटांनी जहाज पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळला. त्यावर रात्रपाळीला खड्डे बुजविण्याचे काम करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा दीर्घ तपास केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. पहिला अंधार कशाने झाला? एका तारेवर तिचे नाव दर्शविणारी पट्टी अशा जागी बसविली होती की, त्यामुळे तार जोडणीच्या खाचेत पुरती शिरत नव्हती. ती सैल राहिली आणि संकेत तुटला. दुसऱ्या अंधाराचे कारण इंधनाच्या पंपात होते. जनित्रांना इंधन देण्यासाठी ज्या पंपाचा उपयोग चालू होता, तो मूळचा नळ्या धुऊन काढण्यासाठीचा पंप होता. वीज जाऊन परत आली तरी तो आपोआप सुरू होत नसे. बाकी सर्व यंत्रणा परत आल्या, हा एक आला नाही, आणि उरलेल्या इंधनावर जनित्रे थोडा वेळ चालून थांबली. प्रस्थानाच्या सुमारे दहा तास आधी धक्क्यावरही दोनदा वीज गेली होती. तेथे एका कर्मचाऱ्याने देखभालीचे काम करताना चालू जनित्राच्या धुराच्या मार्गातील झडप चुकून बंद केली होती.

या प्रकरणात दोष कोणाचा आणि किती, हे ठरविणे हा येथील विषय नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, यांतील एकही कारण भव्य नव्हते. एक पट्टी, एक सोयीचा पंप, चुकून फिरवलेली एक झडप. अशा सैल तारा, अशा सोयी पुष्कळ जहाजांवर कोणी तरी, केव्हा तरी केलेल्या असतात. मूळ पंप बिघडला, दुसरा जोडला, काम निभावले, आणि मग तीच नित्याची रीत होऊन बसली. नवा माणूस आला तेव्हा त्याने ती रीत म्हणूनच स्वीकारली.

हे टाळण्यासाठी नियमांनी एक आधार मात्र दिला आहे. यंत्रकक्षाच्या बाहेर, वरच्या सलग तक्तपोशीच्या वर, एक आणीबाणीचे जनित्र असते. मुख्य वीज गेल्यापासून ४५ सेकंदांच्या आत त्याने आपोआप सुरू होऊन सुकाणू, दिवे आणि संदेशयंत्रणा यांचा भार घ्यावा आणि मालवाहू जहाजावर १८ तास चालेल इतके इंधन त्याच्यापाशी असावे, असे बंधन आहे. ते दर आठवड्याला चालवून पाहतात. ही चाचणी दोन प्रकारे घेता येते. कळ दाबली, यंत्र सुरू झाले, पाच मिनिटांनी बंद केले, सही केली. हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात मुख्य पुरवठा प्रत्यक्ष तोडून ते आपोआप पेटते काय, भार घेते काय, आणि वीज परत आल्यावर कोणकोणते पंप आपोआप उठतात व कोणते उठत नाहीत, हे घड्याळ लावून पाहतात. पहिल्या चाचणीची आणि दुसरीची नोंद वहीत पुष्कळदा एकाच शब्दात होते. माझ्या मते तिसऱ्या अभियंत्याच्या साऱ्या कर्तव्यांचे मर्म या दोन चाचण्यांतील अंतरात आहे.

अरुंद पाण्यात शिरण्यापूर्वीची तयारीही याच जातीची. एरवी एकच जनित्र पुरेसे असले तरी बंदरात येताजाताना दोन किंवा अधिक जोडीने चालवितात, म्हणजे एक पडले तरी दुसरे भार धरून ठेवते. तोही पेलेनासा झाला तर वातानुकूलन, स्वयंपाकघर यांसारखे भार आपोआप तुटावेत अशी योजना असते. ती चालते की नाही हे आधी पाहावे लागते. शिवाय इंधनबदल आहे. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण ०.५० टक्क्यापर्यंत आणि काही राखीव किनारी क्षेत्रांत त्याआधीच, २०१५ पासून, ०.१० टक्क्यापर्यंत मर्यादित झाले आहे. धूर धुऊन काढणारी यंत्रणा नसेल, तर अशा क्षेत्रात शिरण्यापूर्वी जड इंधनावरून पातळ इंधनावर यावे लागते. गरम, घट्ट इंधनाच्या सवयीच्या पंपातून थंड, पातळ इंधन आले की ते गळू लागते, दाब उतरतो, यंत्र अडखळते. हा बदल किनाऱ्यापासून दूर असतानाच, हळूहळू करावा लागतो. आगीचे भयही येथेच आहे. उच्च दाबाच्या नळीतून उडालेली इंधनाची बारीक धार उघड्या तप्त भागावर पडली की पेटते. म्हणून २२० अंशांवर तापणारा प्रत्येक भाग उष्णतारोधक आवरणाने झाकलेला असावा असा नियम आहे. दुरुस्तीसाठी काढलेले ते आवरण काम झाल्यावर परत चढविणे हे कंटाळवाणे काम असते, आणि नेमके तेच राहून जाते.

चारसहा महिन्यांचा करार संपला की तिसरा अभियंता घरी जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. ही बदली बहुधा कोणत्या तरी बंदरात काही तासांत उरकते. येणारा विमानप्रवासाने शिणलेला असतो. जाणाऱ्याची गाडी धक्क्यावर उभी असते. कंपनीचा छापील नमुना भरून द्यावा लागतो. प्रत्येक जनित्राचे एकूण तास, शेवटच्या उघडणीनंतरचे तास, शिल्लक सुटे भाग, अपुरी कामे. नमुना नीटनेटका असतो. पण त्यात ज्यांना रकाना नाही अशाही गोष्टी असतात. दोन नंबरच्या जनित्राचा गतिनियंता थंड असताना हेलकावे खातो. त्याला दहा मिनिटे भार देऊ नये. तीन नंबरच्या चौथ्या सिलिंडरचे तापमापक वीस अंश जास्त दाखविते, यंत्र ठीक आहे. बॉयलरचा एक पंप मी तात्पुरता दुसऱ्या ब्रेकरवर जोडला आहे, नवा सुटा भाग पुढच्या बंदरात येणार आहे, तोवर अंधार झाल्यास तो हाताने सुरू करावा लागेल.

चांगला तीन साब या गोष्टी स्वतःच्या वहीत लिहितो, ती वही येणाऱ्याच्या हाती देतो आणि त्याला सोबत घेऊन खाली उतरतो. नवा माणूस अजून प्रवासाच्या कपड्यांतच असतो. तो कानांवर आवरण चढवितो, पहिल्या जनित्राच्या नळीवर हाताची पाठ टेकवून पाहतो आणि विचारतो की त्या पंपाचा तात्पुरता ब्रेकर नेमका कोणता. मग दोघे फलकापाशी जातात. जाणारा त्यावर बोट ठेवतो, आणि येणारा खिशातून खडू काढून तेथे एक खूण करतो.